उलट्या पुस्तकाचं गाव

थेटफर्डच्या किंग स्ट्रीटवर टॉमस पेनचा सोनेरी मुलामा दिलेला ब्राँझचा पुतळा आहे. एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्या हातात त्याचंच ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक. ते पुस्तक मात्र उलटं धरलेलं आहे. शिल्पकार सर चार्ल्स व्हीलर काही नवशिका नव्हता, त्यामुळे ही चूक म्हणून सोडून देता येत नाही. लोकांनी थांबावं, विचारावं, वाद घालावा म्हणून त्यानं ते मुद्दाम उलटं ठेवलं, असं सांगतात. वाद तर पुतळा उभा राहण्याआधीच सुरू झाला होता. 1964 मध्ये उभा राहिलेला हा पुतळा अमेरिकेतल्या पेनभक्तांनी भेट देऊ केला तेव्हा गावातल्या काही प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. राजद्रोहाच्या खटल्यात दोषी ठरलेल्या माणसाला भर बाजारपेठेत, तेही राजाच्या जुन्या शिकारी वाड्याच्या दारात कशाला उभं करायचं, असा त्यांचा सवाल होता. पेनला जाऊन तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं झाली होती.

पुस्तकाचं नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. पुण्यात 1847 साली वीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी वाचलेलं पुस्तक ते हेच. ते लिहिणारा माणूस ज्या गावात वाढला त्या गावाची ही हकिकत. गाव लहान आहे, पण त्याच्या वाट्याला माणसं विलक्षण आली. त्यातली बहुतेक एकतर इथून निघून गेली, नाहीतर फार लांबून इथे आली.

थेटफर्ड लंडनच्या ईशान्येला साधारण 130 किलोमीटरवर, नॉरफोक परगण्याच्या दक्षिण टोकाला आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. लिटल ऊझ आणि थेट या दोन नद्या इथे मिळतात. ‘फर्ड’ म्हणजे नदीचा उतार, पायी पलीकडे जाता येईल अशी उथळ जागा. ‘थेट’चा आपल्या ‘थेट’शी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता लोक, जनसमुदाय. म्हणजे थेटफर्ड हा लोकांचा, सार्वजनिक उतार. नदीचं नाव गावावरून मागाहून पडलं.

इंग्लंडमध्ये अशा गावांना ‘मार्केट टाउन’ म्हणतात. आपल्या मनात लगेच आठवडी बाजार येतो आणि ते फारसं चुकीचं नाही. फरक एवढाच की मध्ययुगीन इंग्लंडात बाजार भरवणं हा हक्क होता, आणि तो राजाकडून सनदेनं मिळवावा लागे. ज्याच्याकडे सनद तो गाळ्यांचं भाडं, जकात, वजनमापांचा दंड वसूल करी. त्यामुळे शेजारच्या गावानं नवा बाजार सुरू केला की कज्जे होत. तेराव्या शतकात ब्रॅक्टन या कायदेपंडितानं त्यावर एक हिशेब मांडला. माणूस दिवसाला वीस मैल चालतो. दिवसाचे तीन भाग करा: एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक अंधाराच्या आत घरी परतायला. तेव्हा दोन बाजारांत किमान सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैल अंतर हवं. इंग्लंडच्या नकाशावर अशी गावं दहा-अकरा किलोमीटरवर पेरल्यासारखी का दिसतात, त्याचं उत्तर बरंचसं या चालण्यात आहे. थेटफर्डचा बाजार आजही मंगळवारी आणि शनिवारी भरतो.

मात्र या बाजाराच्या पाठीमागची जमीन सुपीक नव्हती. थेटफर्डच्या आसपासच्या प्रदेशाला ब्रेकलंड म्हणतात. खाली खडू, वर वाळू, आणि पाऊस वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटर. ब्रिटनमधल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी हा एक. ‘ब्रेक’ म्हणजे काही वर्षं नांगरून पिकवलेलं आणि कस गेला की पडीक सोडून दिलेलं रान. मेंढ्यांनी गवत खरवडलं की उघडी वाळू वाऱ्यावर चालू लागे. 1668 च्या सुमारास सँटन डाउनहॅम या जवळच्या खेड्यावर अशी वाळू येऊन पडली, घरं गाडली गेली आणि नदीचं पात्रही अडलं. हिरव्यागार इंग्लंडच्या आपल्या कल्पनेत वाळूचं वादळ बसत नाही.

असल्या जमिनीत काय पिकवायचं? ससे. नॉर्मन लोकांनी ससे इंग्लंडात आणले आणि वाळूत बिळं करायला त्यांना ब्रेकलंडइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. मठाच्या आणि जमीनदारांच्या मालकीची सशांची राखीव माळरानं इथे मैलोन् मैल पसरली होती. मांस आणि कातडी, दोन्हीला भाव होता. थेटफर्डच्या मठाधिपतीनं 1400 च्या सुमारास रखवालदारासाठी बांधलेली दुमजली गढी अजून उभी आहे. भिंती किल्ल्यासारख्या जाड, खालच्या खिडक्या म्हणजे नुसत्या फटी. सशांसाठी एवढा बंदोबस्त पाहून हसू येतं, पण चोरटे शिकारी टोळीनं आणि हत्यारं घेऊन येत, हे कळल्यावर ते थांबतं.

वाळूखालच्या खडूत गारगोटी मिळते, आणि तिचा इतिहास तर सशांहून कितीतरी जुना. गावाच्या वायव्येला काही मैलांवर ‘ग्राइम्स ग्रेव्ह्ज’ नावाची जागा आहे. वरून पाहिलं तर देवीचे व्रण असलेला चेहरा वाटावा असा खड्ड्याखड्ड्यांचा माळ. ते खड्डे म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खाणी, चारशेहून अधिक. धातू माहीत नसलेल्या माणसांनी हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी दहा-दहा मीटर खोल विवरं खणली, कारण वरच्या थरातल्या गारगोटीपेक्षा तळाची काळी गारगोटी फोडायला चांगली. तीच गारगोटी पुढे इथल्या चर्चच्या भिंतींत आली आणि शेजारच्या ब्रँडनमध्ये बंदुकीचे चकमकीचे दगडही तिचेच होत.

आज ब्रेकलंडात फिरताना यातलं फारसं काही दिसत नाही, दिसतात ते पाइन. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला लाकडाची टंचाई भासली, म्हणून 1922 पासून सरकारनं या माळावर झाडं लावली. सपाट प्रदेशातलं ब्रिटनमधलं ते सर्वांत मोठं पाइनचं रान झालं. लोक त्याला जंगल म्हणून सुट्टीला येतात. खरं तर ते शंभर वर्षांचं शेत आहे.

गावाचा प्राचीन इतिहास मोठा भारदस्त आहे, तो झपाट्यानं उरकतो. गॅलोज हिल म्हणजे फाशीच्या टेकडीवर इसेनी टोळीचं, राणी बूडिकाच्या काळातलं, एकात एक कुंपणांचं मोठं आवार सापडलं. लोक त्याला तिचा राजवाडा म्हणतात, अभ्यासकांना ते पूजास्थान वाटतं. त्याच टेकडीवर 1979 साली रोमन राजवटीच्या अखेरच्या काळातलं गुप्तधन मिळालं: 22 सोन्याच्या अंगठ्या आणि तीसहून अधिक चांदीचे चमचे, त्यातल्या कित्येकांवर फाउनस या रानदेवाचं नाव. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 869 च्या हिवाळ्यात डेन लोकांच्या फौजेनं इथे तळ ठोकला, 1004 मध्ये डेन राजा स्वेन यानं गाव जाळलं, आणि तरीही अकराव्या शतकात थेटफर्ड इंग्लंडमधल्या मोठ्या शहरांत मोजलं जात होतं. सगळ्या पूर्व अँग्लियाच्या बिशपची गादीही थोडी वर्षं इथे होती. नंतर ती नॉरिचला हलली, पण गावाची उतरण त्याआधीच सुरू झाली होती. 1086 च्या ‘डूम्सडे’ या राजाच्या मोजणीतच दोनशेहून अधिक घरं ओस असल्याची नोंद आहे.

उरला तो नॉर्मनांनी रचलेला किल्ल्याचा मातीचा प्रचंड ढिगारा. अशा ढिगाऱ्यांत तो इंग्लंडमधल्या सर्वांत उंच ढिगाऱ्यांपैकी आहे. वरचा किल्ला बाराव्या शतकातच दुसऱ्या हेन्रीनं पाडून टाकला. दुसरं उरलं ते मठाचं भग्न बांधकाम. 1103-04 मध्ये रॉजर बायगॉडनं स्थापलेल्या या मठात पुढे नॉरफोकच्या ड्यूकांच्या घराण्याचं दफनस्थान होतं. आठव्या हेन्रीनं देशभरचे मठ मोडीत काढले तेव्हा ड्यूकनं खूप विनवण्या केल्या. खुद्द राजाचा अनौरस मुलगा हेन्री फिट्झरॉय इथे पुरलेला होता, पण तेही राजाला थांबवू शकलं नाही. 1540 मध्ये मठ बंद झाला आणि ड्यूकला कबरी उचलून फ्रॅमलिंगमला न्याव्या लागल्या. मठातल्या तासलेल्या दगडांना मग पाय फुटले.

अशा उतरणीला लागलेल्या गावात 1737 च्या जानेवारीत (आजच्या पंचांगाप्रमाणे फेब्रुवारीत) टॉमस पेन जन्मला. वडील जोसेफ हे क्वेकर पंथाचे, आई फ्रान्सिस सरकारमान्य अँग्लिकन चर्चची. ती वकिलाची मुलगी. वडिलांचा धंदा बायकांच्या कंचुक्या शिवण्याचा. ती कंचुकी म्हणजे देवमाशाच्या लवचीक पट्ट्या घातलेला, शरीर घट्ट आवळणारा प्रकार. मुलाला ग्रामर स्कूलमध्ये घातलं, पण लॅटिन शिकायला बंदी, कारण ज्या पुस्तकांतून ते शिकवत ती क्वेकरांना मान्य नव्हती. पुढे पेनची इंग्रजी सरळ, उघडी, सुतारालाही कळेल अशी झाली, त्यात या बंदीचा वाटा असावा असं मला वाटतं. त्या काळचे राजकीय लेखक लॅटिन अवतरणांनी वाचकाला दारातच अडवत. पेनच्या जवळ अडवायला काही नव्हतंच.

या वयात त्यानं गावात काय पाहिलं असेल? दर वर्षी लेंटच्या उपवासाच्या दिवसांत नॉरफोकचं फिरतं सत्र न्यायालय थेटफर्डला बसे. न्यायाधीश मिरवणुकीनं येत, खाणावळी भरत, बाजार तेजीत येई, आणि सत्र संपलं की टेकडीवर फाशी दिली जाई. तेव्हाच्या इंग्लंडात मेंढी चोरली तरी गळफास होता. हा गावचा एका अर्थी सणच होता.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. थेटफर्डमधून पार्लमेंटात दोन सभासद जात. मतदार होते ते फक्त नगरपालिकेचे सदस्य, तीसच्या आसपास. आणि ते तीस जण जवळच्या यूस्टन हॉलमध्ये राहणाऱ्या ग्राफ्टनच्या ड्यूकच्या शब्दाबाहेर नसत. खिशातला मतदारसंघ म्हणतात तो हा. लंडनमधलं यूस्टन स्थानक याच घराण्याच्या नावाचं. या घराण्याचं मूळ दुसऱ्या चार्ल्स राजाच्या अनौरस मुलाकडे जातं, आणि तिसरा ड्यूक तर 1768 मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. वंशपरंपरेनं राज्य करण्याचा हक्क ही थट्टा आहे, हे पेनला कुठल्या ग्रंथातून शिकायची गरज पडली नसावी. ते घरापासून तीन मैलांवर दिसत होतं.

पेनचं पुढचं आयुष्य सदतिसाव्या वर्षापर्यंत अपयशांची यादी आहे. वडिलांच्या हाताखाली उमेदवारी, मग शत्रूची जहाजं लुटणाऱ्या परवानाधारक जहाजावर काही काळ, मग स्वतःचं दुकान आणि ते बुडालं. पहिली बायको लग्नानंतर वर्षभरात गेली. अबकारी खात्यात नोकरी मिळाली, गेली, परत मिळाली. ल्यूइस गावी असताना 1772 मध्ये त्यानं अबकारी कारकुनांच्या पगारवाढीसाठी निवेदन लिहिलं आणि दोन वर्षांत पुन्हा नोकरी गमावली. लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनची गाठ पडली. त्याची शिफारसपत्रं खिशात घालून 1774 च्या शेवटी तो फिलाडेल्फियाला पोचला. तेरा महिन्यांनी, 10 जानेवारी 1776 ला, ‘कॉमन सेन्स’ हे चोपडं बाहेर पडलं आणि राजाशी तडजोड करू पाहणारी अमेरिका सहा महिन्यांत स्वातंत्र्य मागू लागली. त्या दरम्यान, 1775 मध्ये, तिथल्या एका मासिकात त्यानं नुकत्याच वारलेल्या रॉबर्ट क्लाइव्हवर लेख लिहिला होता. हिंदुस्थान लुटून श्रीमंत झालेल्या माणसाचा शेवट कसा एकाकी होतो, असा त्याचा सूर. हिंदुस्थानशी काडीचा संबंध नसलेल्या कंचुकीवाल्यानं हे लिहिलं होतं.

‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग 1791 आणि 1792 मध्ये आले. एडमंड बर्कनं फ्रेंच राज्यक्रांतीवर केलेल्या हल्ल्याला ते उत्तर होतं. पहिल्या भागात तत्त्व आहे: मेलेल्या पिढीनं जिवंत पिढीला बांधून ठेवता येत नाही. दुसऱ्या भागात चक्क हिशेब आहे. चौदा वर्षांखालच्या गरीब मुलामागे वर्षाला 4 पौंड, पन्नाशीनंतर 6 पौंड, साठीनंतर 10 पौंड, आणि ही भीक नव्हे, हक्क. एवढे पैसे कुठल्या करातून येतील त्याचे आकडेही दिले आहेत. कारकुनी कामाला आली म्हणायची. महाग प्रत निघाली तोवर सरकार गप्प होतं. सहा पेनींची आवृत्ती कारागिरांच्या हातात गेली तेव्हा खटला भरला. सुनावणीपर्यंत पेन फ्रान्सला निसटला होता, त्याच्या गैरहजेरीत डिसेंबर 1792 मध्ये तो दोषी ठरला. त्या हिवाळ्यात इंग्लंडच्या गावोगाव त्याचे पुतळे जाळले गेले. फ्रान्सच्या सभागृहात त्यानं राजाला मारू नका असं मत दिलं आणि स्वतः दहा महिने तुरुंगात पडला. ‘एज ऑफ रीझन’मध्ये धर्मग्रंथांची चिकित्सा केल्यावर उरलेसुरले मित्रही गेले. 8 जून 1809 ला तो न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा मातीला बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेटनं त्याची हाडं उकरून, इंग्लंडात भव्य स्मारक बांधायचं म्हणून आणली. स्मारक झालं नाही आणि हाडं कुठे गेली त्याचा पत्ता नाही.

पुस्तक मात्र फिरत राहिलं. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेतून शिक्षण संपवताना जोतीराव आणि त्यांच्या मित्रांच्या हाती ते लागलं. पुढच्याच वर्षी, 1848 मध्ये, जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. एका पुस्तकानं हे घडवलं असं म्हणणं जोतीरावांवर अन्याय होईल. माळ्याच्या मुलाला जातीची शिकवण द्यायला नॉरफोकहून कुणी यायची गरज नव्हती. पेनकडून मिळाली असेल ती युक्तिवादाची धाटणी: जन्मानं येणारा अधिकार दिसला की विचारायचं, हा मुळात कुणी कुणाला दिला? ‘गुलामगिरी’ (1873) याच प्रश्नावर उभी आहे आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आहे. ‘सार्वजनिक सत्यधर्म’मधला निर्मिक हा ‘एज ऑफ रीझन’मधल्या ग्रंथाविना, पुरोहिताविना असणाऱ्या ईश्वराच्या जवळचा आहे. पण एका ठिकाणी शिष्य गुरूच्या पुढे गेला. पेनच्या पुस्तकाच्या नावात पुरुष आहे आणि आतही बहुतेक तोच आहे. जोतीराव हक्कांची गोष्ट काढली की स्त्री आणि पुरुष दोघांचं नाव घेतात, आणि स्त्रीचं आधी घेतात.

थेटफर्डनं आपल्या मुलाची आठवण फार उशिरा काढली, आणि तीही बाहेरच्यांनी करून दिली. 1943 मध्ये जवळच्या नेटिशॉल तळावरच्या अमेरिकन वैमानिकांनी पेनच्या नावाची पाटी गावात लावली. त्यांच्या एका बाँबफेकी विमानाचंच नाव ‘टॉम पेन’ होतं. पुतळा आला त्यानंतर एकवीस वर्षांनी.

पेननंतरच्या शतकात गावानं स्वतःचं असं एक मोठं काम केलं, ते वाफेचं. चार्ल्स बरेल अँड सन्स हा लोहारकामातून वाढलेला कारखाना रस्त्यावरून चालणारी, मळणी आणि नांगरणी करणारी, जत्रेतले पाळणे फिरवणारी वाफेची इंजिनं बनवी. जत्रावाल्यांची पितळी मुलाम्याची, रंगीत बरेल इंजिनं आजही शौकीन लोक जिवापाड जपतात. डिझेल आलं आणि 1928 मध्ये कारखाना मिटला. जेमतेम पाच हजारांच्या गावात शेकडो घरं त्याच्यावर जगत होती.

याच काळातली एक गोष्ट इंग्लंडला बराच काळ आठवत नव्हती. बहामा बेटांत 1858 साली जन्मलेले ॲलन ग्लेझर मिन्स लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाले आणि भावाच्या मागोमाग थेटफर्डला आले. गरिबांच्या वर्कहाउसचे ते वैद्यकीय अधिकारी होते. 1903 मध्ये ते नगरपालिकेवर निवडून आले आणि 1904 मध्ये मेयर झाले. ब्रिटनमधले पहिले कृष्णवर्णीय मेयर म्हणून लंडनच्या बॅटरसीचे जॉन आर्चर (1913) यांचं नाव अनेक वर्षं घेतलं जाई. मिन्स त्यांच्याआधी नऊ वर्षं. गाजावाजा झाला नाही याचं कारण कदाचित हेच की गावाला त्यात विशेष वाटलं नाही. आपल्या मुलाबाळांना तपासणारा डॉक्टर मेयर झाला, एवढंच.

आता फार लांबून इथे आलेला दुसरा माणूस, दुलीपसिंग. रणजितसिंहांचा हा धाकटा मुलगा पाचव्या वर्षी लाहोरच्या गादीवर बसला आणि दहाव्या वर्षी, 1849 मध्ये, कंपनीनं त्याला उतरवलं. राज्य गेलं, कोहिनूर गेला, आई जिंदां कौर हिच्यापासून त्याला तोडलं. इंग्रज पालकांच्या हाताखाली तो ख्रिस्ती झाला आणि पंधराव्या वर्षी इंग्लंडला पोचला. व्हिक्टोरिया राणीचा तो लाडका होता, पण लाड आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी. बऱ्याच वर्षांनी, 1861 मध्ये, आईला इंग्लंडला आणण्याची परवानगी मिळाली. तिची दृष्टी जवळपास गेली होती. दोन वर्षांत ती लंडनमध्ये वारली. तिचा देह पंजाबात नेऊ द्यायला सरकार तयार नव्हतं, तिथे गर्दी जमेल या भीतीनं. म्हणून 1864 मध्ये दुलीपसिंगांनी तो मुंबईमार्गे नाशिकला आणला आणि गोदावरीच्या काठी अंत्यसंस्कार केले. तिथे तिची छोटी समाधी होती. 1924 मध्ये नात बांबा हिनं अस्थी लाहोरला नेल्या.

आई गेली त्याच वर्षी दुलीपसिंगांनी थेटफर्डपासून चार मैलांवर एल्व्हडनची जहागीर घेतली. 17,000 एकर, बहुतेक तीच ब्रेकलंडची वाळू. शेतीला निरुपयोगी, पण तित्तिर-फेजंटांच्या शिकारीला उत्तम. घर बाहेरून इटालियन पद्धतीचं, आतून लाहोरच्या महालासारखं नक्षीकामाचं बांधलं. 1876 मध्ये त्यांनी एका दिवसात 780 तित्तिर मारल्याची नोंद आहे. इंग्रज सरदारांनाही हेवा वाटावा असे ते नेमबाज होते. हा आकडा मला कधी पराक्रमाचा वाटत नाही, राज्य नसलेल्या राजाला दिवस कसा काढावा लागला त्याचा वाटतो. पेन्शन पुरेना, कर्ज वाढलं. 1886 मध्ये ते हिंदुस्थानकडे निघाले. एडनला त्यांना अडवलं. तिथेच त्यांनी पुन्हा शीख धर्म घेतला. मग पॅरिस, रशियाच्या झारकडे मदतीची खटपट, अर्धांगवायू, आणि 1893 मध्ये पॅरिसच्या हॉटेलात मृत्यू. त्यांना ख्रिस्ती विधीनं एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात पुरलं, बायको आणि मुलाच्या शेजारी. जहागीर गिनेस या बियरवाल्या घराण्यानं घेतली.

त्यांचा मुलगा फ्रेडरिक मात्र या मातीत रुजला. जुनी घरं, चर्च, पूर्व अँग्लियातल्या माणसांची जुनी तैलचित्रं यांचा त्याला नाद. व्हाइट हार्ट स्ट्रीटवरचं 1490 च्या सुमाराचं लाकडी सांगाड्याचं घर त्यानं 1921 मध्ये गावाला देऊन टाकलं. ‘एन्शंट हाउस’ नावाचं गावचं संग्रहालय ते हेच. याच रस्त्यावर पेनचा जन्म झाला होता. रणजितसिंहांच्या नातवानं इंग्रजी बाजारगावाला त्याचा स्वतःचा इतिहास जपून दिला, ही उलटापालट व्हीलरच्या पुतळ्यातल्या पुस्तकाहून मोठी आहे. दुलीपसिंगांना नातवंडं झाली नाहीत, वंश तिथेच खुंटला. 1999 मध्ये नदीतल्या बटन आयलंड या बेटावर त्यांचा अश्वारूढ पुतळा राजपुत्र चार्ल्सच्या हस्ते उभा राहिला, आणि तेव्हापासून देशभरातून शीख यात्रेकरू आधी इथे आणि मग एल्व्हडनच्या कबरीकडे जातात.

1950 च्या दशकाच्या अखेरीस लंडननं आपली जास्तीची माणसं आणि कारखाने बाहेर पाठवायचं ठरवलं तेव्हा थेटफर्डनं ते आपणहून मागून घेतले. थोड्या वर्षांत गाव तिप्पट झालं. जुनं गाव एका बाजूला, लंडनकरांच्या वसाहती दुसऱ्या, आणि दोघांनाही एकमेकांचं बोलणं चमत्कारिक वाटे. 1990 च्या दशकाअखेरीस पोर्तुगीज कामगार आले, शेतमाल आणि मांस-कोंबडीच्या कारखान्यांत. 2004 मध्ये फुटबॉलमध्ये इंग्लंड पोर्तुगालकडून हरलं त्या रात्री एका पोर्तुगीज पबवर जमावानं दगडफेक केली. ‘लोकांचा उतार’ नाव असलेल्या गावातही पलीकडे जाणं नेहमीच सोपं नसतं.

सर्वसामान्य इंग्रज माणसाला थेटफर्ड यातल्या कशामुळेच माहीत नाही. त्याला ते ‘डॅड्स आर्मी’मुळे माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात घरच्या आघाडीवर कवायत करणाऱ्या म्हाताऱ्यांची ही बीबीसीची विनोदी मालिका 1968 ते 1977 चालली. कथेतलं वॉल्मिंग्टन हे समुद्रकाठचं गाव, आणि त्याची बाहेरची दृश्यं चित्रित झाली समुद्रापासून चांगल्या लांब असलेल्या थेटफर्डमध्ये. शेजारचं लष्करी सरावाचं रान सोयीचं होतं. त्या रानासाठी 1942 मध्ये काही खेडी उठवली होती, ती परत वसलीच नाहीत. ती गोष्ट विनोदी नाही, म्हणून मालिकेत ती नाही. नगरभवनाच्या मागे मालिकेचं संग्रहालय आहे, आणि 2010 पासून नदीकाठच्या एका बाकावर मालिकेतले कॅप्टन मॅनरिंग ब्राँझमध्ये बसलेले आहेत. त्यांच्याजवळ बसून फोटो काढायला पर्यटक थांबतात. पेन आणि दुलीपसिंग दोघेही उंच चौथऱ्यावर आहेत. त्यांच्या शेजारी बसायची सोय नाही.